सातव्या प्रश्नाचं शून्य

माझी सगळी नोकरी घाटकोपरच्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या व्यायाम विभागात गेली. 'विभाग' हा शब्द दारावरच्या पाटीवर होता. आत जिन्याखालची, पूर्वी चादरी आणि गाद्या ठेवायची खोली होती, आणि त्या खोलीत मी. 'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द पेशंटच्या तोंडात बसत नसे, त्यामुळे मी सगळ्यांची 'व्यायामाची बाई'. आता निवृत्त झाल्यावर ओळखीचे लोक कौतुकानं विचारतात, 'किती जणांना चालवलंत हो?' मी विषय बदलते. मला चालवलेले फारसे आठवत नाहीत, परत पाठवलेले आठवतात. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'नोकरीतले हलकेफुलके अनुभव' मागितले होते. त्यांची आधीच माफी मागते. मी एका बाईला कशी परत पाठवली, ते लिहायला बसले आहे.

आमचं काम काय असतं, ते आधी सांगते. अर्धांगवायू म्हणा, लकवा म्हणा, झटका म्हणा, किंवा आमचे पेशंट म्हणायचे तसं 'अंगावरून वारं गेलं' म्हणा, त्यात वाऱ्याचा काही दोष नसतो. मेंदूच्या एका बाजूचं रक्त अडतं किंवा तिथे रक्तस्राव होतो, आणि उलट्या बाजूचे हातपाय लुळे पडतात. उजवी बाजू गेली तर पुष्कळदा वाचाही जाते. डॉक्टर जीव वाचवतात. त्यानंतर आमचं काम सुरू होतं, आणि ते फार कंटाळवाणं असतं. कुशीवर वळायला शिकवायचं, मग बसायला, मग बसल्या जागी तोल सांभाळायला, मग उभं राहायला. हात बिघडलेला नसतो, हाताला हुकूम देणारा भाग गप्प झालेला असतो. मेंदूतल्या त्याच्या शेजारच्या भागाला ते काम शिकवायचं. पहिले तीन महिने त्यासाठी सगळ्यात मोलाचे. ते वाया घालवले तर खांदा सांध्यातून खाली उतरतो, बोटं मुठीत आवळतात, पाऊल लोंबतं आणि तसंच आखडून बसतं.

ऐंशीच्या दशकात शहराच्या दक्षिणेकडच्या मोठ्या रुग्णालयांत या कामाला अख्खा मजला असायचा. वाचा शिकवणारी तज्ज्ञ वेगळी, हाताची कामं शिकवणारी वेगळी. आमच्याकडे चालायच्या सरावाचे दोन समांतर दांडे, एक कप्पी, कोपऱ्यात तडा गेलेला एक आरसा आणि चार सतरंज्या. कारखाने इकडे, माणसं इकडे, रक्तदाब इकडे, आणि उपचार तिकडे. झटका काय स्टेशन बघून येतो? पण हा प्रश्न मी कोणाला विचारणार होते? शहरातल्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली, की पेशंटचे नातेवाईक ती चिठ्ठी नीट घडी घालून खिशात ठेवायचे आणि तिथे कधी जायचे नाहीत. लुळ्या माणसाला घेऊन आठवड्यातून तीनदा तिथवर जायचं कसं, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसायचं.

एकटीनं करायचं म्हटल्यावर सगळ्यांना घेता येईना. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे मी ठरवायचे, आणि त्यानं मला जेवण जाईना. मग आमचे मोठे डॉक्टर कुठल्याशा परिषदेहून एक कागद घेऊन आले. दहा प्रश्न. प्रत्येकाला एक मार्क. सहा किंवा जास्त मिळाले तर पेशंट 'शिकवण्याजोगा', त्याला सहा आठवडे रोज घ्यायचं. कमी मिळाले तर घरी करायच्या व्यायामाचा एक कागद द्यायचा आणि तीन महिन्यांनी परत बोलवायचं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता मर्जीचा प्रश्न नाही. मार्कांवर. एकदम फेअर."

मलाही ते आवडलं, हे कबूल करते. निवड करायचं ओझं उतरलं. प्रश्न इंग्रजीत होते, ते मीच मराठीत आणले, स्वतः स्टेन्सिल कापली आणि सायक्लोस्टाइल करून गठ्ठा तयार केला. तुमचं नाव काय, गाव कुठलं, नाकाला हात लावा, समोरच्या वस्तूंतली फणी उचलून द्या, आता दिवस आहे की रात्र, मी दाखवते तेवढी बोटं दाखवा. सातवा प्रश्न होता, 'नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव सांगा'. पुढचे तीन प्रश्न महिन्यांची नावं, उलटे आकडे असे. ज्याची वाचा गेली आहे त्याच्यासाठी सोय अशी, की मी तीन नावं घ्यायची आणि बरोबर नावाला त्यानं मान हलवायची. माझ्या भाषांतराचं डॉक्टरांनी चार लोकांत कौतुक केलं होतं. मी ते घरीही सांगितलं होतं.

शेवंतीबाईला आणलं तेव्हा झटका येऊन तीन आठवडे झाले होते. ती राहायची टेकडीवर. घाटकोपरची टेकडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते, तिथे घरावर घर चढलेलं, मधून पायऱ्या, त्याही एका मापाच्या नाहीत. पाणी खालून भरून न्यायचं. शेवंतीबाईची वर खानावळ होती. तिच्या देवगडकडच्या गावाचे, विक्रोळी-भांडुपच्या कारखान्यांत कामाला असलेले दहाबारा एकटे पुरुष तिच्याकडे दोन वेळा जेवायचे. नवरा दत्ताराम गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि घर तिच्या चुलीवर आलं. ती चूल आता थंड होती. जेवणाऱ्यांतल्याच चौघांनी लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधून तिला खाली आणलं होतं. चौघांचा त्या दिवसाचा अर्धा खाडा झाला होता.

उजवी बाजू पूर्ण लुळी. वाचा गेलेली, फक्त एक शब्द उरला होता. असं होतं, सगळी भाषा जाते आणि एखादाच शब्द मागे राहतो, मग माणूस काहीही सांगायला तोच वापरतो. कोणाच्या तोंडात शिवी उरते, कोणाच्या देवाचं नाव. शेवंतीबाईच्या तोंडात उरला होता 'जेवलास?'. दुखलं तरी 'जेवलास?', पाणी हवं तरी 'जेवलास?', माझी ओळख करून दिली तर माझ्याकडे बघून नमस्कारासारखं 'जेवलास?'.

मी कागद काढला. नावाला तिनं मान हलवली, गावालाही. नाक दाखवलं, फणी दिली. दिवस म्हटल्यावर मान हलवली. पाच झाले. बोटं चुकली. मग सातवा प्रश्न. कागदावरचं नाव बघून मी तीन नावं घेतली, "मावशी, नवऱ्याचं नाव काय? गोविंद?" ती माझ्याकडे बघत राहिली. "दत्ताराम?" तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डाव्या हातानं पदर ओढून तोंडावर घेतला. "शांताराम?" तोंड भिंतीकडेच. मी शून्य लिहिलं, आणि शेजारी इंग्रजीत टीप लिहिली, 'लक्ष देत नाही'. उरलेल्या तिन्ही प्रश्नांना बोलावं लागत होतं. म्हणजे वाचा गेलेल्या माणसाला शिकवावं की नाही, हे आम्ही त्याला बोलता येतं का यावरून ठरवत होतो. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बारा पेशंट बाहेर बसले होते.

बेरीज पाच. मी दत्तारामांना व्यायामाचा कागद दिला आणि तीन महिन्यांनी या म्हटलं.

"तीन म्हयन्यांनी?" ते म्हणाले. "तवसर काय करूचा?"

"कागदावर चित्रं आहेत काका. रोज तीनदा करून घ्या."

त्यांनी कागद दोन्ही हातांत धरला. जाता जाता दारातून मागे आले. "बाई, ती खुळी नाय हां. माझ्यापेक्षा जास्त समाजता तिका."

मी म्हटलं, "हो काका." हे मी रोज चारपाच जणांना म्हणायची. चौघांनी खुर्ची उचलली. शेवंतीबाईनं खुर्चीतून मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलास?" दीड वाजून गेला होता आणि मी खरोखरच जेवले नव्हते.

त्याच दिवसांत मी संध्याकाळी एका शेठजींकडे जात होते. नोकरीबाहेर अशी कामं करायची परवानगी नव्हती, पण डॉक्टरांनीच पाठवलं होतं आणि मीही गेले होते, तेव्हा साळसूदपणाचा आव आणत नाही. स्टेशनच्या पलीकडे, सपाटीवर, तळमजल्याचं घर. शेठजींचीही उजवी बाजू, त्यांचीही वाचा. त्यांना बोटं दाखवता येत नव्हती, दिवस-रात्रही कळत नव्हती, आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी मला कप फेकून मारला होता. कागदावर घेतले असते तर दोन मार्क पडले असते. पण तो कागद त्यांच्यापुढे कोणी ठेवला नाही. शेठजी शिकवण्याजोगे आहेत का, हा प्रश्न त्या घरात कोणाच्या डोक्यातही आला नाही, माझ्यासुद्धा. ते आठवड्यातून सहा दिवस शिकत होते, आणि त्यामुळेच हळूहळू शिकले. चौथ्या महिन्यात ते अंगणात चालले तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकाला जाते, आणि ती आग कोणावर काढायची हे कळत नाही, कारण पेढा माझ्याच तोंडात होता.

शेवंतीबाईला परत पाठवलं त्याला अडीच महिने झाले असतील. आमच्या खोलीत ताराबाई नावाच्या आया होत्या, साताऱ्याकडच्या, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. सतरंज्या घालणं, पेशंटला आधार देणं, पुसणं-आवरणं त्यांचं. मार्क देताना त्या सहसा बाहेर रांग सांभाळायच्या. त्या दिवशी एका म्हातारीला धरून बसवायला मी त्यांना आत ठेवलं होतं. सातवा प्रश्न आला. मी दुसरं नाव घेतलं तशी म्हातारीनं मान खाली घातली आणि पदर चावला. मी शून्य लिहिलं. ताराबाई खुदकन हसल्या.

"काय झालं?" मी वैतागून विचारलं.

"लाजली की वो ती."

"लाजली म्हणजे?"

"बाई, मालकाचं नाव कोन घेतं वो असं? परक्यासमोर? तुमी बरूबर नाव काडलं तवाच तिनं तोंड लपिवलं. पयल्या नावाला कुटं लपिवलं?" मग माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमी तरी सायबांचं नाव घेता का?"

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मी नवऱ्याला 'अहो' म्हणत होते. लग्नात एकदा, मंगळागौरीला एकदा, दोन्ही वेळा उखाण्यात लपवून नाव घेतलं होतं. एवढं मला माहीत होतं. इंग्रजी कागद मराठीत आणताना मात्र मी ते सगळं घरी ठेवून आले होते.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोन इचारतंय?" ताराबाई म्हणाल्या, आणि म्हातारीचा पदर नीट करू लागल्या.

मी कपाट उघडून जुने कागद काढले. बायकांच्या कागदांवर सातव्या प्रश्नासमोर शून्य, शून्य, शून्य. पुरुषांचं कसं? पुरुषांना पूर्ण मार्क. उलट त्यांतले काही विचारायचे, 'माहेरचं सांगू की सासरचं?' त्यावर आम्ही हसायचो. ज्या बायकांना पाच मिळाले होते, त्यांचे कागद मी वेगळे काढले. त्यांतल्या सगळ्यांना केवळ त्या एका मार्कानं घालवलं होतं. पत्ते अर्धवट होते, 'टेकडी, पाण्याच्या टाकीजवळ' असे. तरी पुढच्या काही रविवारी ताराबाई आणि मी निघालो. काही घरं सापडली, काही नाही. एका घरी बाईच्या फोटोला हार होता. तिथे आम्ही काय बोललो ते मी लिहीत नाही.

शेवंतीबाईकडे पहिल्याच रविवारी गेलो. चढताना मी तीनदा थांबले. आठवड्यातून तीनदा या, असं मी या वस्तीतल्या लोकांना किती सहज म्हणायची. घर एका खोलीचं, खिडकीला फळी ठोकलेली, दारावर गोणपाट. आणखी वारं लागू नये म्हणून. आत उकाड्यानं जीव जात होता आणि कोपऱ्यात शेवंतीबाई गोधडीत गुंडाळलेली. उजवा खांदा सांध्यातून उतरलेला, मधल्या फटीत माझी दोन बोटं जात होती. मूठ घट्ट आवळलेली, पाऊल खाली लोंबून आखडलेलं.

भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी माझा व्यायामाचा कागद भाताच्या शितांनी चिकटवला होता. कडा चुरगळू नयेत म्हणून त्याला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा होता.

"रोज तीनदा करतंय, बाई," दत्ताराम म्हणाले. "एक दिवस चुकलंय नाय."

"दाखवा बघू."

त्यांनी दाखवलं. फार नीट, कागदाकडे बघत बघत, मोजून दहा वेळा. आधी हात वर, मग बाजूला, मग कोपर. सगळं डाव्या हाताचं. चांगल्या हाताचं.

कागदावरचं चित्र डावी बाजू गेलेल्या माणसाचं होतं. ते मी कुठल्याशा पुस्तकातून गिरवलं होतं. पेशंटची बाजू उजवी असेल तर उलटं करा, असं त्यावर कुठेही लिहिलं नव्हतं. चित्रातला माणूस पलंगावर झोपत होता, खुर्चीवर बसत होता आणि कठड्याच्या जिन्यानं वर जात होता. त्या घरात यातलं काही नव्हतं. दत्तारामांनी शेजारून खुर्ची मागून आणली होती.

"काका, उजव्या हाताचं करायचं होतं."

"कागदात असाच आसा." त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "माका वाटला, चांगलो हात बळकट झालो की तो दुसऱ्याक ओढून घेईत."

गिरणीत साच्यावर आयुष्य काढलेला माणूस. सांगितलं तसं, सांगितलं तितक्या वेळा, एकही खाडा न करता करणारा. असा शिकाऊ मला शेठजींच्या घरात एक मिळाला नव्हता. मला त्याला कागदाऐवजी दहा मिनिटं देता आली नव्हती.

माझं काय होतंय ते ताराबाईंनी ओळखलं असावं. त्या उठल्या, गोणपाट बाजूला केलं, आणि नव्या नवरीची वाट नणंदा अडवतात तशा दोन्ही हात पसरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "मावशे," त्या म्हणाल्या, "नाव घेतल्याबिगर मी हलायची न्हाई. अडवलीया बग वाट. घे नाव."

शेवंतीबाईनं मान वर केली. ताराबाईंकडे पाहिलं, दत्तारामांकडे पाहिलं, डाव्या हातानं पदर सारखा केला, आणि एकदाही न अडखळता, चालीवर म्हणाली:

"खाडीच्या पलीकडे माहेर, होडी लागली काठी,
दत्तारामरावांचं नाव घेते तुमच्या आग्रहासाठी."

यात चमत्कार काही नाही. पाढे, आरत्या, ओव्या, चालीवर पाठ झालेलं जे असतं, ते मेंदूत नेहमीच्या बोलण्याच्या जागी नसतं. बोलणं गेलं तरी ते पुष्कळदा शाबूत राहतं. ज्यांचं काम वाचेचं, त्यांना हे ठाऊक असतं. पण तशी तज्ज्ञ आमच्याकडे नव्हती. दत्ताराम मात्र चमत्कार झाल्यासारखे बघत होते. मग ते ताराबाईंच्या पसरलेल्या हाताखालून वाकून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. शेवंतीबाईनं माझ्याकडे वळून विचारलं, "जेवलास?"

सोमवारी मी डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. सातव्या प्रश्नाचं शून्य खोडून एक करा म्हटलं, सहा होतात, तिला यादीत घ्या.

"ओके, पण आता झटक्याला तीन महिने होऊन गेले," ते म्हणाले. "तीन महिन्यांनंतरचे पेशंट आपण घेत नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"पण ते तीन महिने आपणच घालवलेत. तीन महिन्यांनी या, असं आपणच सांगतो."

"मॅडम, इमोशनल होऊ नका. मी समजू शकतो. तो प्रश्न आपण काढून टाकू." आणि त्यांनी खरोखरच तिथल्या तिथे पेन काढून सातवा प्रश्न खोडला. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मुद्दाम सांगते. चूक दाखवली तर दुरुस्त करायचे. पुढच्या आठवड्यात नवी स्टेन्सिल निघाली. प्रश्न नऊ राहिले, आणि पास व्हायला मार्क लागायचे तेवढेच, सहा. बायकांवरचा अन्याय दूर झाला आणि परीक्षा सगळ्यांसाठीच अवघड झाली. मी हे सांगायला परत गेले तेव्हा ते म्हणाले, "आता प्रिंट झालंय."

त्या दिवसापासून माझ्या हातून कोणी नापास झालं नाही. सरळ लिहिते, आता कोणी माझं काही करू शकत नाही. ज्याला दोन मिळाले त्याला सहा, ज्याला शून्य त्यालाही सहा. रांग दारातून बाहेर व्हरांड्यात गेली. एका वेळी एकाला घेणं सोडून मी चौघांना एकत्र बसवू लागले, नातेवाइकांना रांगेत उभं करून शिकवू लागले, नवा कागद काढला, त्यावर पाट, उंबरा आणि पाण्याची कळशी, आणि दोन्ही बाजूंची वेगळी चित्रं. दुसरं माणूस द्या म्हणून अर्ज केले. उत्तर यायचं, 'आपला विभाग समाधानकारकरीत्या कार्यरत आहे'. कारण त्यांच्या कागदावर सगळे पेशंट पास होते. माझ्या खोटेपणानं असाही मार दिला. दुसरी जागा मंजूर झाली तेव्हा माझे केस पांढरे झाले होते.

शेठजींकडे जाणं मी बंद केलं. त्यांना दुसऱ्याच दिवशी दुसरी बाई मिळाली. त्या संध्याकाळी मी टेकडीवर जाऊ लागले, आठवड्यातून दोनदा, आणि मधल्या दिवसांचं दत्तारामांना शिकवलं. खिडकीची फळी त्यांनी काढली, पण कपाळावर आठ्या घालूनच. आठ महिने लागले. शेवंतीबाई काठी घेऊन घरात आणि दारापर्यंत चालू लागली. त्यापुढच्या पायऱ्या तिच्यासाठी नव्हत्या. ती परत कधी टेकडीखाली उतरली नाही. उजवी मूठ उघडली नाही. वेळेवर सुरू केलं असतं तर उघडली असती का, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण पाऊल नक्की वाचलं असतं, खांदाही. एवढं मला कळतं.

वाचेसाठी मला ठाऊक होती ती एकच युक्ती. मी उखाणा सुरू करायची आणि शेवटचा शब्द तिच्यावर सोडायची. मग मधला शब्द सोडायची. मग उखाण्याची चाल तीच, शब्द घरातले. एका संध्याकाळी दत्तारामांनी केलेली बांगड्याची कढी तिनं चाखली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "मीठ." त्या घरात पेढे नव्हते, कढी वाटली. त्यानंतर खानावळ पुन्हा चालू झाली, निम्म्या माणसांची. चुलीपुढे दत्ताराम, आणि त्यांच्या मागे पाटावर शेवंतीबाई, हातात काठी, तोंडात सहासात शब्द. मीठ, बस, पाणी, परत. जेवणारे म्हणायचे, मावशी पूर्वी एवढी कडक नव्हती.

टेकडीवरच्या माझ्या फेऱ्यांच्या शेवटच्या दिवशी मी तिचा तो जुना कागद घेऊन गेले. फाडून तिच्या हातात द्यायचा, असं काहीतरी मनात होतं. ताराबाईंनी तिला सगळं आधीच सांगितलेलं होतं, कुठल्या प्रश्नाला मी काय दिलं ते. तिनं कागद पाहिला. वाचता येत नव्हतं तिला, पण सातव्या ओळीतलं ते गोल तिनं बरोबर शोधलं. मग माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राला डाव्या हाताचं बोट लावलं.

"नाव," ती म्हणाली. हा शब्द मी तिला शिकवला नव्हता.

ताराबाई दारात जाऊन उभ्याच राहिल्या. दत्ताराम चुलीपासून उठून बघायला आले. मी उखाणा आठवायला लागले. मंगळागौरीचा पहिला अर्धा आठवला, लग्नातल्याचा शेवट. नुसतं नाव तरी सांगून टाकावं म्हटलं, तीन अक्षरांचं तर आहे. तोंडापर्यंत आलं, आणि तिघं जण माझ्याकडे बघत आहेत हे जाणवून माझं तोंड आपोआप खिडकीकडे फिरलं.

शेवंतीबाईनं माझ्या पर्समधून डोकावणारी पेन्सिल ओढून घेतली. कागद मांडीवर धरला, आणि डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, माझ्या शून्याच्या शेजारी एक शून्य काढलं. वेडंवाकडं, पण पूर्ण मिटलेलं. मग कागद मला परत दिला आणि विचारलं, "जेवलास?" मी नाही म्हटलं, आणि तिनं दत्तारामांना ताट घ्यायची खूण केली.

कागद मी फाडला नाही. अजून माझ्या कपाटात आहे. सातव्या ओळीत दोन शून्यं आहेत, आणि त्यांतलं बरोबर दिलेलं एकच आहे.